भस्मपरीक्षा: जुन्या कसोट्या, नवी यंत्रे आणि दोन्हींचा क्रम

आयुर्वेदाच्या रसशास्त्र या शाखेतील भस्म, म्हणजे धातू-खनिजे भाजून केलेली औषधी राख, तपासताना दोन टोकांची मते ऐकू येतात. भस्म पाण्यावर तरंगले की ते उत्तम, असे एक मत. प्रयोगशाळेचा अहवाल हाती नसेल तर जुन्या परीक्षांना काही अर्थ नाही, असे दुसरे. दोन्ही मते अपुरी आहेत, कारण प्रत्येक कसोटी एकाच प्रश्नाचे उत्तर देते आणि तिच्या हद्दीबाहेरच्या गोष्टींबद्दल गप्प राहते. वारितर, म्हणजे पाण्यावर तरंगण्याची, परीक्षा कणांच्या सूक्ष्मतेबद्दल बोलते, शिशाबद्दल बोलत नाही. धातूची टक्केवारी मोजणारे यंत्र शिशाबद्दल बोलते, पण मारण, म्हणजे धातू भाजून त्याचे भस्म करणे, नीट झाले की नाही ते एकटे सांगू शकत नाही. म्हणून कोणती परीक्षा आधी, कोणती नंतर आणि कोणत्या उत्तरावर किती भरवसा ठेवायचा, हा क्रम या लेखात मांडला आहे. रसशास्त्राचे विद्यार्थी, भस्मे विकत घेऊन वापरणारे नाशिक परिसरातील वैद्य आणि स्वतःची छोटी रसशाळा चालवणारे उत्पादक यांना तो उपयोगी पडावा, असा प्रयत्न आहे.

एक सूचना आधीच दिली पाहिजे. येथे वर्णिलेली कोणतीही परीक्षा औषध सुरक्षित असल्याचे सिद्ध करत नाही. शिसे, पारा व सोमल (आर्सेनिक) यांची संयुगे कितीही बारीक झाली तरी ती त्याच मूलद्रव्यांची संयुगे राहतात, आणि शिशाच्या बाबतीत तर रक्तातील कोणतीही पातळी निर्धोक मानली जात नाही. भस्म घ्यायचे की नाही, हा निर्णय रुग्णाला तपासणाऱ्या वैद्याचा व डॉक्टरांचा असून परीक्षेचा हेतू खोटे, कच्चे व दूषित भस्म बाजूला काढणे एवढाच आहे.

नमुना घेण्यापूर्वी: डबीवरचा मजकूर

पहिली परीक्षा डोळ्यांची आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० आणि त्याखालील १९४५चे नियम यांनुसार आयुर्वेदिक औषधाच्या वेष्टनावर औषधाचे नाव, निव्वळ वजन, उत्पादकाचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि उत्पादनाची तारीख असावी लागते. नियमांच्या ‘ई-१’ या अनुसूचीत विषारी द्रव्यांची यादी असून ती द्रव्ये असलेल्या पोटात घ्यायच्या औषधावर वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याचा इशारा छापणे बंधनकारक आहे. गोदाघाटावर, यात्रेत किंवा सिंहस्थाच्या गर्दीत सुट्या पुडीतून मिळणाऱ्या भस्मावर यातले काहीच नसते. अशा पुडीची परीक्षा कुतूहल म्हणून जरूर करावी. परंतु तिचे उत्तर काहीही आले तरी ती पुडी रुग्णाला देऊ नये, कारण पुढची पुडी त्याच भस्माची असेल याची कोणतीही हमी नसते.

भस्म कसे तयार झाले, हेही विचारून घ्यावे. किती पुटे (बंद भांड्यात भाजण्याच्या फेऱ्या) दिली, भावना (रसात भिजवून खलणे) कशाची होती, मारणासाठी हिंगूळ (पाऱ्याचे सल्फाइड), गंधक, हरताळ (आर्सेनिकचे सल्फाइड) की फक्त वनस्पतींचा रस वापरला, यावर पुढच्या सगळ्या अपेक्षा ठरतात. त्याच नावाचे ताम्रभस्म गंधकाने मारले तर मुख्यतः गंधकयुक्त संयुग मिळते आणि उघड्या हवेत भरपूर आच लागली तर तांब्याचे ऑक्साइड मिळते. दोन्हींचा रंग, विद्राव्यता आणि धातूची टक्केवारी वेगळी असते. ही माहिती नसताना अहवाल वाचणे म्हणजे निम्मे अंदाजाने चालणे होय.

नमुना घेणे आणि सुकवणे

डबीतले वरचे चमचाभर भस्म म्हणजे नमुना नव्हे, कारण वाहतुकीत जड व भरड कण खाली बसतात. संपूर्ण भस्म स्वच्छ, गुळगुळीत कागदावर ओतून त्याचा शंकू करावा, तो वरून दाबून चपटा करावा, त्याचे चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन भाग एकत्र करावेत आणि बाकीचे बाजूला काढावेत. हवे तेवढे भस्म उरेपर्यंत हीच कृती पुन्हा करावी. शेवटी जे उरेल त्याचे दोन वाटे करून एक परीक्षेला वापरावा व दुसरा काचेच्या घट्ट बुचाच्या बाटलीत, बॅच क्रमांक व तारीख लिहून, साक्ष नमुना म्हणून ठेवावा. धातूचा चमचा टाळावा. काच, पोर्सेलीन किंवा स्वच्छ प्लास्टिक चालते.

नाशिकच्या पावसाळ्यात उघडे राहिलेले भस्म ओलावा धरते आणि त्यामुळे रेखापूर्ण (बोटांच्या रेषांत भस्म शिरण्याची) व वारितर या दोन्ही परीक्षा बिघडतात. म्हणून नमुना १०५ अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत सुकवून बंद पात्रात थंड करावा आणि वजनातली घट नोंदवावी. पारदाची, म्हणजे पाऱ्याची, कल्पे (औषधे) मात्र साध्या ओव्हनमध्ये तापवू नयेत. शंखभस्म, शुक्तिभस्म (शिंपल्याचे) व कपर्दिकभस्म (कवडीचे) यांना तर ओलाव्याइतकाच हवेचाही त्रास होतो. शंख मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि पूर्ण तापल्यावर त्याचे वजन शंभरावरून सुमारे ५६वर येऊन कळीचा चुना तयार होतो. हा चुना हवेतला ओलावा व कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू पुन्हा कार्बोनेटकडे वळतो. त्यामुळे ताजे शंखभस्म तीव्र क्षारीय असते आणि वर्षभर सैल झाकणाखाली राहिलेले तेवढे नसते. पीएच पट्टीने हा फरक लगेच कळतो, तेव्हा ताज्या शंखभस्माची चव जिभेवर घेऊन पाहण्याची गरज नाही. ते जीभ पोळते.

निश्चंद्रत्व, रंग आणि रेखापूर्णता

भस्म पांढऱ्या चिनी मातीच्या बशीत पातळ पसरून दुपारच्या थेट उन्हात, बशी वेगवेगळ्या कोनांत फिरवत पाहावे. कुठेही चकाकी दिसली तर निश्चंद्रत्व, म्हणजे चकाकीचा अभाव, साधलेले नाही आणि मारण अपुरे समजतात. अभ्रकभस्मात ही परीक्षा सर्वांत महत्त्वाची आहे, कारण अभ्रकाचा बारीकसा पापुद्राही उन्हात चमकतो. दिव्याच्या उजेडात न दिसलेली चमक उन्हात दिसते, आणि दहापट मोठे दाखवणारे भिंग हाती असले तर संशय उरत नाही. कज्जलीच्या, म्हणजे पारा व गंधक खलून केलेल्या काळ्या भुकटीच्या, बाबतीत थोडी कज्जली पाण्याच्या थेंबात घासून उन्हात धरावी. पाऱ्याचा चमकदार कण दिसला तर मर्दन पुरे झालेले नाही. येथे रबरी हातमोजे घालावेत.

रंगाची अपेक्षा भस्मागणिक वेगळी आहे. अभ्रकभस्म विटेसारखे तांबडे, लोहभस्म पिकलेल्या जांभळाकडे झुकणारे, वंगभस्म (कथिलाचे) व शंखभस्म पांढरे, यशदभस्म (जस्ताचे) पांढरे किंवा किंचित पिवळसर. रंगावरून नाकारता येते, स्वीकारता येत नाही.

रेखापूर्ण परीक्षेत अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये चिमूटभर भस्म चोळून ते बोटांच्या रेषांत शिरते का आणि झटकल्यावरही तेथेच राहते का, हे पाहतात. तिची मर्यादा समजून घ्यावी. बोटावरच्या दोन उंचवट्यांमधले अंतर साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या घरात असते, त्यामुळे काही दहा मायक्रॉनचे कणही त्यात सुखाने मावतात. रेखापूर्ण झालेले भस्म ‘नॅनो’ आहे, असे जाहिरातीत वाचले तर त्या विधानामागे वेगळा पुरावा मागावा. जोडीला ३२५ मेशची, म्हणजे सुमारे ४४ मायक्रॉन छिद्रांची, चाळणी वापरून वर राहिलेल्या अंशाचे वजन घेतले तर त्याच गुणाची मोजता येणारी नोंद मिळते.

दातांखाली कचकच लागते का, चव लागते का, मळमळ होते का, या परीक्षाही ग्रंथांत आहेत. नाग (शिसे), ताम्र, पारद, हरताळ, मनःशिला (आर्सेनिकचे तांबडे सल्फाइड) व सोमल यांच्या कल्पांवर त्या करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये भस्म दाबून फिरवले की कचकच कानाला आणि हाताला कळते.

वारितर आणि उनम

या परीक्षेला सर्वाधिक मान आहे आणि सर्वाधिक गैरसमजही तिच्याबद्दलच आहेत. लोहभस्मातील हेमॅटाइटची (लोहाच्या तांबड्या ऑक्साइडची) घनता पाण्याच्या पाचपट, तर रससिंदुराची (पाऱ्याच्या सल्फाइडची) सुमारे आठपट असते. तरीही ती तरंगतात, याचे कारण पाण्याचा पृष्ठताण होय. कण पुरेसा बारीक व कोरडा असेल तर त्याचे वजन पृष्ठाची ताणलेली पातळी मोडू शकत नाही. अर्थात पृष्ठताण बिघडवणारी प्रत्येक गोष्ट परीक्षा बिघडवते. भांड्याला साबणाचा अंश राहिला असेल तर उत्तम भस्मही बुडते.

म्हणून काचेचे रुंद तोंडाचे पात्र शेवटी डिस्टिल्ड पाण्याने विसळावे, त्यात तेच पाणी भरून ते निवांत होऊ द्यावे आणि चिमूटभर भस्म पृष्ठाच्या अगदी जवळून, बोटावर बोट घासत, हळूच सोडावे. उंचावरून टाकलेले भस्म आदळून बुडते आणि ओंजळभर टाकलेले गोळा होऊन बुडते. किती भस्म खाली गेले ते थोड्या वेळाने पाहावे. उनम परीक्षेत याच थरावर तांदळाचा एक दाणा अलगद ठेवतात व तो तरंगला तर भस्म उत्तम मानतात. इगतपुरी-त्र्यंबककडचा इंद्रायणीचा दाणा आणि लांबसडक बासमतीचा दाणा यांचे वजन सारखे नसते. दाणा कोणता व किती मिलिग्रॅमचा, हे नोंदवहीत लिहिले तरच दोन बॅचची तुलना करता येते.

आता एक पडताळा, जो प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी करून पाहावा. तुळशीवृंदावनाला लावायचा गेरू आणून वस्त्रगाळ करावा, सुकवावा आणि लोहभस्माच्या शेजारी त्याच्या याच परीक्षा घ्याव्यात. टाल्कम पावडरही घ्यावी. टाल्कम पावडर आरामात तरंगते. बारीक गेरू रेषांत शिरतो, त्यात चकाकी नसते आणि रंगही फसवण्याइतका जवळ असतो. गेरू हे स्वतः रसशास्त्रातले द्रव्य आहे, पण ते लोहभस्म नव्हे. गंमत म्हणजे स्फटिकरचना ओळखणारे आधुनिक यंत्रही दोन्हींत हेमॅटाइटच दाखवील. फरक पकडतो तो प्रयोगशाळेतला जुना, स्वस्त उपाय, म्हणजे अम्लात न विरघळणारी राख. गेरूतली माती व वाळू तेथे उघडी पडते.

अपुनर्भव आणि निरुत्थ

भस्मातून मूळ धातू परत उठतो का, हे या दोन परीक्षा पाहतात. त्या करण्यासाठी भट्टी, धूर ओढून घेणारी व्यवस्था आणि अनुभवी शिक्षक लागतो. घरच्या स्वयंपाकघरात त्या करू नयेत. पारद व सोमल-हरताळाच्या कल्पांवर त्या कुठेही करू नयेत, कारण तापवल्यावर विषारी वाफ निघते. नागभस्मासाठीही चांगली धूरव्यवस्था अपरिहार्य आहे.

अपुनर्भव परीक्षेत भस्म मित्रपंचकासह, म्हणजे तूप, मध, गुग्गुळ, गुंज आणि टाकणखार यांच्यासह, समभाग खलून शरावसंपुटात (एकमेकांवर पालथ्या घातलेल्या मातीच्या दोन परळांत) बंद करतात, संधीला कापडमाती करतात आणि ते भस्म तयार करताना दिले होते तेवढेच पुट देतात. थंड झाल्यावर गोळा फोडून धातूचे मणी शोधतात. गुंज कच्ची असताना विषारी असल्याने ती कुटताना तोंडाला मास्क असावा. या योजनेतले रसायन लक्षवेधी आहे. तूप, मध व गुग्गुळ जळून कोळसा होतो आणि तो ऑक्साइडमधला प्राणवायू ओढतो. टाकणखार वितळून सुटलेले धातूचे कण एकत्र येऊ देतो. म्हणजेच ही खनिजातून धातू काढण्याचीच लहान प्रतिकृती आहे. यातूनच तिची अडचणही कळते. कथिलाच्या खनिजातून कथील कोळशानेच काढतात, आणि वंगभस्म रासायनिकदृष्ट्या त्याच खनिजासारखे कथिलाचे ऑक्साइड असते. आच जास्त झाली व वेळ लांबला तर उत्तम वंगभस्मातूनही मणी निघू शकतात. उलट जस्त ९०७ अंशांना उकळते, त्यामुळे यशदभस्मातून सुटलेले जस्त मण्याच्या रूपात सापडण्याऐवजी उडून जाऊ शकते आणि परीक्षा खोटी उत्तीर्ण होऊ शकते. पुटाचे तापमान व वेळ थर्मोकपलने (भट्टीच्या तापमापकाने) नोंदवल्याशिवाय या परीक्षेचा निकाल लिहू नये.

निरुत्थ परीक्षेत भस्माबरोबर चांदीचे पान तापवून चांदीचे वजन वाढले का ते पाहतात. मोकळा धातू असेल तर तो चांदीत मिसळतो. दशांश मिलिग्रॅमपर्यंत मोजणारा तराजू येथे हवाच. चांदी गंधकाशीही सहज संयोग पावते, म्हणून गंधकयुक्त भस्मात वजन वाढले की लगेच मोकळा धातू असल्याचा निष्कर्ष काढू नये. चांदी ९६२ अंशांच्या आसपास वितळते, ती मर्यादाही लक्षात असावी.

सुवर्णभस्माबद्दल थोडे थांबून सांगावे लागते. आधुनिक अभ्यासांत सुवर्णभस्म अतिसूक्ष्म कणांच्या रूपातले धातुरूप सोनेच आढळले आहे. सोने ऑक्साइड बनून टिकत नाही. त्यामुळे ‘भस्मात धातू उरता कामा नये’ ही कल्पना तेथे शब्दशः लावता येत नाही, आणि ज्याला हे ठाऊक नाही तो चांगले सुवर्णभस्म यंत्राच्या अहवालावरून कच्चे ठरवील.

काही भस्मांच्या खास परीक्षा

ताम्रभस्म दह्यात किंवा लिंबाच्या रसात कालवून काचेच्या वाटीत एक दिवस ठेवावे. हिरवी-निळी छटा आली तर अम्लात उतरणारे तांबे शिल्लक आहे. नाशिकच्या तांबट आळीत ज्यांच्या पिढ्या गेल्या त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक कळकते ते याच कारणाने. असे भस्म ओकारी आणते आणि त्याचे पुन्हा मारण करणे भाग आहे. मात्र ही परीक्षा मोकळे तांबे आणि तांब्याचे अम्लविद्राव्य ऑक्साइड यांच्यात भेद करत नाही.

यशद व वंग या दोन पांढऱ्या भस्मांची अदलाबदल ओळखणे सोपे आहे. यशदभस्म तापवले की लिंबासारखे पिवळे होते आणि थंड होताना पुन्हा पांढरे होते. वंगभस्मही तापल्यावर पिवळसर होऊ शकते, म्हणून दुसरी खूण पाहावी: सौम्य हायड्रोक्लोरिक अम्लात यशदभस्म विरघळते, वंगभस्म तसेच राहते.

लोहभस्माला चुंबक लावण्याची रीत आहे. चुंबकाला चिकटणारे सगळे मोकळे लोखंड नसते, मॅग्नेटाइट हे ऑक्साइडही चिकटते. चुंबकाचा निकाल नोंदवावा, पण त्यावरून भस्म नाकारू नये.

नंबुरी हनुमंतराव यांच्या नावाने ओळखली जाणारी ठिपका-परीक्षा जुन्या व नव्याच्या मधोमध उभी आहे. भस्मात ठरावीक अम्ल घालून ते निवळू देतात, वरच्या द्रावाचा एक थेंब पोटॅशियम आयोडाइडने भिजवून सुकवलेल्या गाळणकागदावर सोडतात आणि ठिपक्याचे रंग व वलये वेळेच्या टप्प्यांनुसार पाहतात. स्वस्त आहे आणि महाविद्यालयात सहज होते. ओळखीच्या खात्रीशीर भस्माचा ठिपका शेजारी घेतल्याशिवाय मात्र तिचा अर्थ लावू नये.

प्रयोगशाळेत काय मागावे

येथवर उत्तीर्ण झालेले भस्मच प्रयोगशाळेत पाठवावे, खर्च वाचतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांसाठी पोलाद व पितळ तपासणारी प्रयोगशाळा नमुना घेईलही, परंतु औषधाचा निकाल कायद्यासमोर टिकायला हवा असेल तर औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांखाली आयुर्वेदिक औषधांच्या तपासणीची मान्यता असलेलीच प्रयोगशाळा निवडावी आणि मान्यतेची प्रत मागावी.

मागण्या स्पष्ट लिहाव्यात. संयुग कोणते, हे क्ष-किरण विवर्तन सांगते. मूलद्रव्ये किती, हे आयसीपी यंत्र सांगते. कण कसे व केवढे, हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आणि लेझर कणमापक सांगतात. याखेरीज एकूण राख, अम्लात न विरघळणारी राख व तापवल्यावरची घट हे साधे आकडे मागायला विसरू नये.

आयसीपीसाठी नमुना आधी विरघळवावा लागतो आणि बहुतेक चुकीचे आकडे येथेच जन्म घेतात. तापवलेले कथिलाचे ऑक्साइड अम्लराजातही (हायड्रोक्लोरिक व नायट्रिक अम्लांच्या मिश्रणातही) जवळजवळ विरघळत नाही, त्याला क्षारांबरोबर वितळवावे लागते. अभ्रकभस्मातील सिलिकेटला हायड्रोफ्लुओरिक अम्ल किंवा तसेच वितळवणे लागते. पाऱ्याचे सल्फाइड नुसत्या नायट्रिक अम्लात उतरत नाही, अम्लराजात उतरते. म्हणून ‘नमुना कशात विरघळवला आणि तळाशी अवशेष राहिला का’ हा प्रश्न लेखी विचारावा. वंगभस्मात कथील २० टक्के आले, तर भस्मापेक्षा पद्धतीचा संशय आधी घ्यावा.

आकडे वाचताना एक साधे गणित हाताशी असावे. शुद्ध कथिल ऑक्साइडमध्ये कथील ७८.८ टक्के, जस्त ऑक्साइडमध्ये जस्त ८०.३ टक्के, हेमॅटाइटमध्ये लोह ६९.९ टक्के आणि मॅग्नेटाइटमध्ये ७२.४ टक्के असते. रससिंदुरात पारा सुमारे ८६ टक्के असतो. आकडा या मर्यादेच्या वर गेला तर मोकळा धातू आहे किंवा मोजणी चुकली आहे; बराच खाली आला तर भेसळ, वनस्पतींची राख किंवा अपुरे विरघळणे यांपैकी काहीतरी आहे.

जड धातूंसाठी वनस्पतिज औषधांना लागू असलेल्या मर्यादा शिसे १० पीपीएम (दहा लाखांत १० भाग), सोमल म्हणजे आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ अशा आहेत. नागभस्म किंवा रससिंदूर यांना त्या लावण्यात अर्थ नाही, ती द्रव्येच तेथे मुख्य घटक आहेत. शंख, प्रवाळ (पोवळे), गोदंती (जिप्सम) यांसारख्या भस्मांना मात्र त्या दूषितता शोधायला उपयोगी पडतात. हिंगुळाने मारलेल्या लोहभस्मात पाऱ्याचा अंश किती राहिला, हे आवर्जून तपासावे. आणखी एक सापळा आहे: इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला जोडलेली क्ष-किरण तपासणी साधारण ०.१ टक्क्याखालचे मूलद्रव्य पाहू शकत नाही. ०.१ टक्का म्हणजे १००० पीपीएम. त्या तपासणीत ‘शिसे आढळले नाही’ असे लिहून आले, तर १० पीपीएमच्या मर्यादेबद्दल तिने काहीच सांगितलेले नाही.

नोंद आणि कचरा

प्रत्येक बॅचसाठी एकच पान ठेवावे आणि त्यावर पुटांची संख्या व तापमान, प्रत्येक जुन्या परीक्षेचा निकाल, पाण्याचा व दाण्याचा तपशील, प्रयोगशाळेचे आकडे आणि नमुना विरघळवण्याची पद्धत एकत्र लिहावी. जुनी परीक्षा उत्तीर्ण आणि नवी अनुत्तीर्ण, किंवा याच्या उलट, असे घडले तर साक्ष नमुन्यावर दोन्ही पुन्हा कराव्यात. तोवर ती बॅच रुग्णापर्यंत जाऊ देऊ नये. रुग्ण आधीच नागयुक्त कल्प घेत असेल आणि पोटदुखी, बद्धकोष्ठ किंवा पांडुता दिसत असेल, तर भस्माच्या अहवालाची वाट न पाहता औषध थांबवून रक्तातील शिसे तपासण्यास पाठवावे.

परीक्षेनंतर उरलेले पाणी, अम्लद्राव आणि पारद, नाग, ताम्र किंवा सोमल यांचे अवशेष मोरीत ओतू नयेत. ते वेगवेगळ्या झाकणाच्या बरण्यांत, नाव लिहून साठवावेत आणि घातक कचरा उचलणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडेच सोपवावेत.